स्पंजाचा चौथा कोपरा

१

सोमवारी सकाळी पुनर्वसन केंद्राचं दार उघडलं, तेव्हा फिशटँकमधले दोन मासे उलटे तरंगत होते. उरलेले सगळे पाण्याच्या अगदी वरच्या थराला येऊन तोंडं उघडमिट करत होते.

ते सगळ्यात आधी पाहिलं सर्व्हेअरबाईंनी. त्या नेहमीच सगळ्यांच्या आधी यायच्या, कारण धाकट्या भावाला ऑफिसला जाताजाता त्यांना इथे सोडणं सोयीचं पडायचं. काठी भिंतीला टेकवून त्या काचेजवळ गेल्या, बघत राहिल्या आणि हाक मारायला वळल्या. तोंडातून शब्द आला, "पडदे. पडदे मेले."

पडदे नाही, हे त्यांना कळत होतं. पण पक्षाघाताचा झटका आल्यापासून शब्दांचं हे असंच झालं होतं. हवा तो शब्द ऐनवेळी दडी मारायचा आणि भलताच कुणीतरी पुढे यायचा. उजवा हातही कुरकुरत चालायचा. ज्या बाईनं आयुष्यभर विमा कंपनीसाठी जळकी गोदामं पालथी घातली, आग आपोआप लागली की कुणी लावली हे राखेकडे बघून सांगितलं, तिला आता स्वतःच्या डोक्याचा भरवसा उरला नव्हता. भाऊ बिचारा काही बोलत नसे. वहिनी मात्र हल्ली त्यांच्या हातात चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरून द्यायची, आणि ते बाईंना बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

त्यांचा आवाज ऐकून आत पहिली धावत आली ती थेरपिस्ट मुलगी. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्या दुप्पट वयाचे पेशंटसुद्धा. टाकी तिच्याच डोक्यातून निघाली होती. तिनं पाण्याकडे पाहिलं आणि ती काचेपाशी वाकून उरलेले मासे मोजू लागली.

मागोमाग फिजिओथेरपिस्ट आला. धिप्पाड अंगामुळे त्याचं नाव पैलवान पडलं होतं. तो दारातच थबकला.

"हे मासे कधी आले?" त्यानं विचारलं.

"शनिवारी," ताई कशीबशी म्हणाली.

तो बॅग खाली टाकून धावला, बादल्या आणल्या, टाकीतलं निम्मं पाणी नळीनं काढलं, नव्या पाण्यात क्लोरीन मारायचं औषध घातलं आणि हळूहळू ओतलं. तासाभरात मासे वरून थोडे खाली उतरले.

तोवर डायरेक्टर साहेब येऊन उभे राहिले होते. त्यांना ही टाकी पहिल्यापासून डोळ्यात खुपायची. ते म्हणाले, "पेशंट इथे बरं व्हायला येतात. त्यांच्यासमोर रोज एक मेलेलं काहीतरी नको. शुक्रवारी हे सगळं उचलायचं." मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळी साफसफाई कुणी केली होती?"

सगळ्यांच्या नजरा सफाईवाल्या मावशींकडे गेल्या. मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मी काही केलं नाही साहेब."

"बघू," साहेब म्हणाले. त्या एका शब्दात मावशींची नोकरी लोंबकळत राहिली.

२

टाकी म्हणजे खरं तर व्यायाम होता.

दीड महिन्यापूर्वी ताईनं रिकामी काचेची पेटी हॉलमध्ये आणून ठेवली आणि पेशंटना कामाला लावलं. वाळू धुवायची, म्हणजे मनगट फिरतं. रोपं चिमट्यानं लावायची, म्हणजे बोटं जुळतात. मग पाणी भरलं, फिल्टर सुरू केला, आणि सगळ्यांनी विचारलं, मासे कुठे?

"आधी टाकी सायकल करायची," ताई म्हणाली.

"म्हणजे चाकं लावायची का?" सर्व्हेअरबाईंनी विचारलं. झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला विनोद होता, आणि सगळे हसले म्हणून त्यांना तो दिवस लक्षात होता.

ताईनं समजावलं होतं ते असं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशाला जाळतो. पण काही जिवाणू अमोनियावरच जगतात. ते त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइट खाऊन त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. थोडं पाणी बदललं की निघून जातं. ही मंडळी विकत आणून एका दिवसात नांदत नाहीत. त्यांची वस्ती व्हायला आठवडे लागतात. म्हणून मासे न सोडता पाण्यात रोज थोडा अमोनिया घालायचा, रोज तपासायचं आणि वाट बघायची.

ते तपासणं हाच बाईंचा व्यायाम. काचनळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटली दाबून औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. सुरुवातीला त्यांच्या उजव्या हातातून थेंबांऐवजी धारच निघायची. पाणी अमोनियानं हिरवंगार यायचं. मग एके दिवशी हिरवा रंग फिका पडला आणि नायट्राइटची नळी जांभळी झाली. पुढे जांभळाही ओसरला, आणि थेंब एकेक करून नीट पडायला लागले. शेवटी घातलेला अमोनिया दुसऱ्या सकाळपर्यंत सगळा फस्त व्हायला लागला. अमोनियाची नळी पिवळी, नायट्राइटची आकाशी, नायट्रेटची नारिंगी. ताईनं जाहीर केलं, टाकी तयार आहे. त्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की आपल्याही आत कुठेतरी काहीतरी पुन्हा सुरू झालंय.

आणि आता हे.

ताई मागच्या खोलीत एकटी बसली होती. बाई काठी टेकत तिच्यामागे गेल्या.

"काकू, माझंच चुकलं," ती म्हणाली. "शुक्रवारी मी अर्धं पाणी बदललं. नळाचं पाणी. त्यात क्लोरीन मारायचं औषध घातलं की नाही, मला आठवतच नाहीये. क्लोरीननं जिवाणू मेले असणार. मीच मारले."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या हॉलमध्ये आल्या, पैलवानानं पाणी बदलण्याआधी बादलीत काढलेलं जुनं पाणी घेतलं, आणि मेजावर बसून तिन्ही नळ्या लावल्या. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपणहून तिकडे गेला होता.

अमोनियाची नळी गडद हिरवी झाली. नायट्रेटची नारिंगी. नायट्राइटची मात्र स्वच्छ आकाशी.

बाई त्या आकाशी नळीकडे बघतच राहिल्या. जळक्या गोदामात शिरल्यावर कधीकधी एखादी वस्तू अजिबात न जळलेली सापडायची, आणि सगळं उत्तर तिच्यात असायचं. तसं काहीतरी त्यांच्या डोक्यात हललं.

"ताई," त्यांनी हाक मारली. "शनिवारी मासे... कसे होते?"

"मस्त होते. संध्याकाळपर्यंत सगळीकडे हुंदडत होते."

"क्लोरीन असतं तर?"

ताईनं डोळे पुसले. "तर... तर पाण्यात सोडल्या सोडल्या त्यांचे कल्ले जळले असते. दुपारपर्यंतच कळलं असतं."

"मग तू नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी आकाशी नळी वर धरली. "आणि हे. जिवाणू आजारी असते, अर्धे मेले असते... तर थोडं काम झालं असतं. थोडं जांभळं आलं असतं. इथे काहीच नाही. कामगार..." शब्द अडला. त्यांनी डोळे मिटून त्याची वाट पाहिली. "कामगार कामावरच नाहीत."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. इतकं लांब वाक्य काकूंच्या तोंडून तिनं अजून ऐकलं नव्हतं.

"फिल्टर उघड," बाई म्हणाल्या.

३

फिल्टर टाकीखालच्या कपाटात होता, डब्यासारखा, झाकणाला दोन्ही बाजूंनी घट्ट खटके. ताईनं वीज बंद केली, दोन्ही हातांचा जोर लावून खटके सोडले, झाकण उचललं.

आत निळाशार स्पंज होता.

"धुतला कुणीतरी," ताई पुटपुटली. "हा तपकिरी झाला होता, काकू. तो तपकिरी मळ म्हणजेच सगळी वस्ती. कुणीतरी घाण समजून नळाखाली धरला. मावशींना मी सांगितलं होतं की कपाट उघडायचं नाही..."

हॉलच्या टोकाला मावशी उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. त्यांनी पदर घट्ट खोचला.

"बाहेर काढ," बाई म्हणाल्या.

ओला स्पंज ताटात ठेवला. बाईंनी आधी तो नाकाजवळ नेला. धुतलेल्या स्पंजाला मातीचा, तळ्याचा वास थोडा तरी राहतो. याला दुकानाचा वास होता. मग त्यांनी तो दाबला. लगेच फुगून वर आला. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं त्याच्या कडा चाचपल्या, एकेक कोपरा मोजल्यासारखा.

पहिला. दुसरा. तिसरा. चौथा.

त्या हसल्या, म्हणजे तोंडाची डावी बाजू हसली.

"ताई, आपला स्पंज डब्यात बसत नव्हता. आठवतं?"

ताईला आठवलं. फिल्टर लावताना स्पंज किंचित मोठा निघाला होता, आणि एक कोपरा कापायचं काम तिनं मुद्दाम काकूंकडे दिलं होतं. कात्री उजव्या हातात. काकूंना घाम फुटला होता. कोपरा निघाला, पण असा वाकडातिकडा की सोबतचे पेशंट असलेल्या प्राध्यापकांनी सुद्धा मान हलवून दाद दिली होती.

या स्पंजाला चारही कोपरे शाबूत होते. एक फक्त दुमडून आत कोंबला होता.

"धुवून कोपरा परत उगवत नाही," बाई म्हणाल्या. "हा आपला नाहीच. आपला कुणीतरी नेला."

मावशी हळूच जवळ आल्या. "म्हणजे चोरी?"

"चोरी."

"अहो पण ती घाण कोण चोरणार?" मावशींना खरोखरच कोडं पडलं होतं.

बाईंनी स्पंज ताटात ठेवला. प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्यांनाही नेमकं तेच कळत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकेकाला गाठलं. पूर्वी त्या चौकशीला बसल्या की प्रश्नांची फैर झाडायच्या. आता तेवढे शब्द नव्हते. दोन शब्द विचारायचे आणि गप्प बसायचं. गंमत अशी की समोरचा माणूस ती शांतता भरून काढायला स्वतःच बोलायला लागायचा. हे आपल्याला चाळीस वर्षांत कसं सुचलं नाही, असं बाईंच्या मनात आलं.

सिस्टर औषधांच्या कपाटाशी होत्या. हॉलमधल्या फिल्टरच्या घरघरीबद्दल त्यांनी तीनतीनदा तक्रार केली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आवाज," बाई म्हणाल्या.

"हो, मला त्रास व्हायचा. बीपी घेताना कानात ठोके ऐकू यायचे की फिल्टर, तेच कळायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. बाई गप्प राहिल्या. "म्हणून मी घरून रबराची जुनी चटई आणून डब्याखाली घातली. त्याला आता महिना झाला. मग आवाज गेला. फिल्टरला हात कशाला लावू मी?" बाई अजूनही गप्प. सिस्टरांनी सुस्कारा सोडला. "बरं, एक सांगते. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना मूठभर खाणं टाकलं. ताई नको म्हणाली होती. पण ते असे माझ्याकडे बघत होते की राहवलं नाही. त्यानं मेले का हो?"

"त्यानं भर पडली," बाई म्हणाल्या. "मेले नाहीत." वस्ती जागेवर असती तर एवढं खाणं तिनं पचवलं असतं. निदान नळी जांभळी तरी झाली असती.

प्राध्यापक खिडकीपाशी बसले होते. टाकीच्या जागी आधी टीव्ही होता आणि तो हलवल्याबद्दल त्यांनी ताईशी बरेच दिवस अबोला धरला होता. बाईंना आपला संशय आलाय हे दिसताच त्यांनी आपला डावा पंजा वर केला. त्याची मूठ अजून अर्धीच मिटायची. बाईंनी मान डोलावली. फिल्टरचे खटके एका हातानं सुटत नाहीत, हे त्यांनी सकाळीच स्वतः करून पाहिलं होतं आणि नख मोडून घेतलं होतं. पेशंटपैकी कुणीच ते करू शकत नव्हतं.

"शिवाय," प्राध्यापक सावकाश म्हणाले, "टीव्हीपेक्षा... हे बरं निघालं. ताईला सांगू नका."

मावशींनी बाईंसाठी खुर्ची पुसून दिली आणि समोर उभ्या राहिल्या.

"शुक्रवारी," बाई म्हणाल्या.

"शुक्रवारी मी पाचच्या सुमाराला लादी पुसली. काच कोरड्या फडक्यानं पुसली, ताईंनी सांगितलं तशी. कपाटाकडे गेलेच नाही. शनिवारी सकाळी आले तेव्हाही सगळं जसंच्या तसं. एक थेंब सांडलेला नव्हता कपाटाखाली. सांडला असता तर मलाच पुसावा लागला असता ना."

बाईंनी मान वर केली. एक थेंब नाही. फिल्टर उघडायचा म्हणजे पाणी सांडतंच. काल ताईनं उघडला तेव्हा अर्धा हॉल ओला झाला होता. ज्यानं उघडला त्यानं निगुतीनं उघडला होता, खाली टॉवेल अंथरून. आणि जुन्याच्या जागी त्याच मापाचा कोरा स्पंज विकत आणून बसवला होता. झाकण नीट लावलं, वीज परत सुरू केली. दुष्टाव्यानं आलेला माणूस एवढा खटाटोप करत नाही. तो टाकीत काहीतरी ओततो आणि निघून जातो.

या माणसाला टाकीचं वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त तो स्पंज हवा होता. आणि नवा स्पंज यथावकाश पुन्हा तयार होईल, असं त्यानं गृहीत धरलं होतं.

पण ते गृहीत कसं धरलं? शनिवारी मासे येणार होते की.

बाई खुर्चीत ताठ बसल्या. "मावशी, मासे शनिवारी येणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी की. चहाच्या वेळी ताईंनी सांगितलं सगळ्यांना. आधी पुढच्या महिन्यात यायचे होते, पण दुकानवाला दुरुस्तीसाठी दुकान बंद करणार होता, म्हणून लवकर."

"सगळे होते चहाला?"

मावशींनी आठवून बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"एक सोडून," त्या म्हणाल्या.

५

पैलवानाच्या खोलीत व्यायामाची गादी होती, भिंतीला आरसा होता. तो बाईंच्या समोर स्टुलावर बसून त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता. एवढा आडदांड माणूस, पण हात कापसासारखा. झटक्यानंतर या हातात पहिली हालचाल झाली ती त्याच्याच पंजात, आणि ती त्याला आधी जाणवली होती, बाईंना नंतर.

म्हणूनच विचारणं जड जात होतं. आपली चूक झाली असली तर? हे डोकं पूर्वीसारखं आहे कशावरून? बाईंनी मनातल्या मनात सगळं पुन्हा एकदा लावून पाहिलं. स्पंजाची किंमत कळणारा माणूस. दोन्ही हातांत जोर असलेला माणूस. केंद्राची किल्ली असलेला माणूस. आणि मासे येणार हे ठाऊक नसलेला माणूस. ताईला सगळं ठाऊक होतं. सिस्टर आणि मावशी गुरुवारी चहाला होत्या. डायरेक्टर साहेबांनी तर शनिवारच्या डिलिव्हरीवर सही केली होती. सोमवारी सकाळी दारात उभं राहून "मासे कधी आले" असं एकानंच विचारलं होतं.

"गुरुवार, शुक्रवार, शनिवार," बाई म्हणाल्या. "तू रजेवर."

"हो काकू. बाबांना आणायला गेलो होतो गावाहून. आई गेल्यावर एकटेच राहत होते ना. सगळं सामान आवरायचं होतं." तो मधलं बोट उघडत होता.

बाई गप्प बसल्या. नेहमीसारखी शांतता पसरली. पण या वेळी समोरच्यानं ती भरली नाही. तो बोटाकडे बघत राहिला.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला. शब्द एकही अडला नाही.

"बाबांचे मासे कसे आहेत रे?"

त्याचा हात थांबला. बाईंचं बोट त्याच्या बोटांत तसंच राहिलं.

६

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. मळका स्पंज कोण चोरेल? ज्याच्या घरी मासे मरतायत तो."

तो बोलायला लागला, आणि एकदा सुरुवात झाल्यावर थांबला नाही.

आईचे गोल्डफिश होते. पाच, चांगले वीतभर लांब, बारा वर्षांचे. आई गेल्यावर बाबा त्यांच्यासमोर बसून राहायचे. सामान हलवताना मासे बादलीत नीट आले, पण जुनी टाकी टेम्पोतून उतरवताना फुटली. फिल्टर रस्त्यात उन्हात सुकून गेला. त्यानं धावपळ करून नवी टाकी आणली, नवा फिल्टर आणला, पाणी भरलं. शुक्रवारी सकाळीच मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले.

"मी पाणी बदलत होतो सारखं. पण मोठे मासे, लहान टाकी, पुरं पडेना. आणि बाबा टाकीसमोरून उठायलाच तयार नाहीत. जेवले नाहीत. मला म्हणाले, ही तिची माणसं आहेत, यांनाही मी सांभाळू शकलो नाही." त्यानं नाक ओढलं. "ताई नेहमी सांगायची, तयार टाकीतला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला की टाकी लगेच सुरू होते. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. शुक्रवारी रात्री किल्लीनं दार उघडून मी तो नेला. इथे मासे नाहीत, पुढच्या महिन्यात येणार. नवा स्पंज घातला, महिनाभर अमोनिया देत राहिलं तर वाळूतल्या जिवाणूंवर तो परत तयार होईल. सोमवारी ताईला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो काकू. सोमवारी दारातून आत आलो तर..."

"तर घाबरलास."

"साहेब मावशींवर घसरले तेव्हा बोलायला हवं होतं. काल रात्रभर झोप नाही मला."

बाईंनी आपला हात सोडवून घेतला आणि त्याच्या हातावर ठेवला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ माणसांच्या चोऱ्या उघड केल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांना पकडल्यावर त्यांना बरं वाटलं होतं. आज तसं वाटत नव्हतं, पण मावशी बाहेर लादी पुसत होत्या आणि त्यांची मान खाली होती.

"आधी मावशी," बाई म्हणाल्या. "मग ताई. मग साहेब. तूच सांगायचं. मी बरोबर येते."

तो गेला आणि त्यानं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. "काल पोरांना काही बोलले नव्हते घरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या त्या मोठी बादली घेऊन. "त्या स्पंजातला अर्धा आणायचा ना परत? यात आणा. स्वच्छ आहे, साबण लावलेला नाही."

ताईला राग आला. तो तिनं लपवलाही नाही. "मला एक फोन केला असतास तर मी स्वतः तुला अर्धा कापून दिला असता," ती म्हणाली. "हे दोन मासे मेले नसते. आणि मी स्वतःला खुनी समजत बसले नसते." पैलवान मान खाली घालून उभा राहिला. मग तिनंच विचारलं, "गोल्डफिश आता खातायत का?"

"खातायत."

"आणि बाबा?"

"थोडं थोडं."

डायरेक्टर साहेबांच्या खोलीत बाईंनी स्वतः बोलायचं ठरवलं. पूर्वी त्या अहवाल द्यायच्या तसं, उभं राहून. काय झालं, कसं झालं, कुणाचा दोष किती. मध्ये दोनदा शब्द अडले. साहेबांनी मदतीला शब्द पुरवू पाहिला, तर बाईंनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं आणि आपला शब्द येईपर्यंत वाट पाहिली. साहेब थांबले. शेवटी ते उठून बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर मावशींना म्हणाले, "माझं चुकलं. विचारल्याशिवाय बोललो." पैलवानाला त्यांनी लेखी ताकीद दिली. आणि टाकीचं काय, असं ताईनं विचारल्यावर ते म्हणाले, "शुक्रवार अजून लांब आहे. शुक्रवारचं पाणी दाखवा मला."

त्याच दुपारी पैलवान बादली घेऊन आला. बादलीत त्याच्या घरच्या टाकीचं पाणी होतं आणि पाण्यात तपकिरी स्पंजाचा अर्धा तुकडा, एका बाजूला तो वाकडा कापलेला कोपरा. बादलीमागून सावकाश पावलं टाकत एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एकेक घर चुकलेली.

"बाबा यायचंच म्हणाले," पैलवान म्हणाला.

ताईनं अर्धा स्पंज फिल्टरमध्ये बसवला, उरलेल्या जागेत नव्याचा तुकडा घातला. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. "पिळू नका फार," ते मध्येच म्हणाले. "हिनं कधी पिळला नाही. टाकीतल्याच पाण्यात नुसता खळबळून काढायची."

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी थोडं पाणी बदलायचं, मासे उपाशी ठेवायचे, नळ्या लावायच्या. बुधवारी अमोनिया हिरवाच होता, पण फिका. नायट्राइटच्या नळीत जांभळी छटा आली तेव्हा सिस्टर घाबरल्या, आणि बाईंनी त्यांना सांगितलं, "चांगलं आहे. कामगार कामावर आले." गुरुवारी मासे पानांमधून पळापळ करायला लागले. शुक्रवारी सकाळी प्राध्यापकांनी डाव्या हातानं थेंब टाकायचा हट्ट धरला. अर्धे मेजावर पडले, उरलेले नळीत पडले. ते मोजून बाईंनी पुरते केले. नळी हलवली आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरली.

पिवळी.

डायरेक्टर साहेबांनी ती नळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग ती बाईंना परत दिली आणि जाताना माशांसमोर वाकून काचेवर एक टिचकी मारली. ताईनं त्यांना सांगितलं की काचेवर टिचकी मारायची नसते. ते "सॉरी" म्हणाले.

बाबा रोज मुलाबरोबर येत होते. त्या दिवशी ते हॉलच्या कोपऱ्यात बसून होते. गर्दी पांगल्यावर बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तुम्ही शोधून काढलंत म्हणे," बाबा म्हणाले.

"हो."

"बरं केलंत. पोरगा आता झोपतो." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "माझे पाचही मासे ठीक आहेत. काल मी पाणी तपासलं, सगळं व्यवस्थित. आता तिथे मला करायला काही उरलं नाही. सकाळी मुलगा, सून दोघं कामाला जातात. मी नुसता बसतो."

बाईंना काय बोलायचं ते नीट माहीत होतं. शब्द जमवायला वेळ लागला, पण बाबांना कुठेच जायचं नव्हतं, ते थांबले.

"इथे नवीन दोघे पेशंट येतायत सोमवारी," त्या म्हणाल्या. "दोघांचेही हात थरथरतात. थेंब मोजायला शिकवायला कुणीतरी... धीराचं माणूस लागेल. ताई एकटी पुरी पडत नाही. मला वेळ नसेल."

"का? तुम्ही कुठे चाललात?"

"विमा कंपनीत माझा जुना साहेब आहे. त्याला फोन करणार आहे. फायली वाचायचं काम घरून करता येतं का, विचारते."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं, आणि बटणं सोडून वरपासून एकेक नीट लावायला घेतली.

"सोमवारी किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.